दोन शाखांमधील भिंतीविषयी : अभ्यासमंडळांस अनावृत पत्र

आळेफाटा, ता. जुन्नर, जि. पुणे

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या ‘अणुविद्युत व दूरसंचार’ आणि ‘संगणक’ या दोन्ही अभियांत्रिकी अभ्यासमंडळांच्या सन्माननीय सभासदांस,



पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग जेथे एकमेकांस छेदतात त्या आळेफाट्याच्या परिसरात राहून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस दूरसंचार हा विषय शिकविण्याचे काम मी दीर्घकाळ करीत आलो आहे. आपण ठराविक मुदतीने जो अभ्यासक्रम मंजूर करून आम्हां अध्यापकांच्या हाती देता, तो प्रामाणिकपणे पार पाडणे हे आमचे कर्तव्य आहे, आणि त्याविषयी जाहीर पत्र लिहिणे हा आमचा शिरस्ता नव्हे. परंतु विभागप्रमुखांमार्फत पाठविलेल्या सूचना, मसुद्यांवर लेखी दिलेले अभिप्राय आणि कार्यशाळांतून तोंडी मांडलेली गाऱ्हाणी यांची कोठेच दखल घेतली जात नाही असे वारंवार अनुभवास आले, म्हणजे आपले म्हणणे लोकांसमोर ठेवण्यावाचून मार्ग उरत नाही. कारण ज्या मुलांच्या आयुष्यातील चार वर्षांचा हा प्रश्न आहे, ती मुले आणि त्यांच्या फीसाठी कांदा व टोमॅटोच्या पट्टीकडे डोळे लावून बसणारे त्यांचे पालक याच लोकांत मोडतात.

माझे गाऱ्हाणे असे आहे. दूरसंचाराचा विद्यार्थी तरंग, मॉड्युलेशन, अँटेना आणि कोलाहल यांचा अभ्यास करतो. संगणकाचा विद्यार्थी आज्ञावली, विदासंरचना आणि कार्यप्रणाली यांचा अभ्यास करतो. आणि ज्या जाळ्यावर या दोघांनाही उद्या पोट भरावयाचे आहे, ते जाळे एकाला केवळ तारा व मनोरे यांच्या रूपात आणि दुसऱ्याला केवळ फळ्यावर काढलेल्या ढगाच्या आकृतीच्या रूपात दाखविले जाते. जाळ्याचे वागणे आता आज्ञावलीने ठरते, आणि ती आज्ञावली शेवटी तारेतून व हवेतून जाणाऱ्या संकेतावरच चालते, ही दोन सत्ये एकाच विद्यार्थ्याच्या डोक्यात एकत्र यावीत अशी तरतूद आपल्या अभ्यासक्रमात नाही. दोन विभाग, दोन इमारती, दोन प्रयोगशाळा, दोन परीक्षकमंडळे, आणि मध्ये एक भिंत.

ही भिंत विषयाच्या उगमापाशी नव्हती, हे आपणांस सांगण्याची आवश्यकता नसावी. तरीही ज्या पालकांपर्यंत हे पत्र जाईल त्यांच्यासाठी तो इतिहास थोडा विस्ताराने मांडतो. १९३७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये क्लॉड शॅनन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध लिहिला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरल्या जाणाऱ्या रिलेंच्या गुंतागुंतीच्या मंडलांना जॉर्ज बूल यांचे तर्काचे बीजगणित लावता येते, हे त्याने त्यात सिद्ध केले, आणि आज जगातील प्रत्येक अंकीय संगणकाच्या अंतर्रचनेचा पाया तेथे घातला गेला. याच शॅननने ११ वर्षांनी, १९४८ साली, कोलाहल असलेल्या मार्गावरून किती माहिती बिनचूक पाठविता येते याची मर्यादा गणिताने दाखवून देणारा प्रबंध प्रसिद्ध केला, आणि दूरसंचाराचे शास्त्र त्यावर उभे राहिले. आमच्याकडे मात्र एका शाखेचा विद्यार्थी या गृहस्थाचा पहिला प्रबंध शिकतो, दुसऱ्या शाखेचा विद्यार्थी दुसरा शिकतो, आणि हा माणूस एकच आहे हे दोघांपैकी कोणालाही परीक्षेसाठी ठाऊक असावे लागत नाही.

पुढील सारा इतिहास याच धर्तीचा आहे. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील जॉर्ज स्टिबिट्झ यांनी टेलिफोनचेच रिले जुळवून गणकयंत्र तयार केले, आणि सप्टेंबर १९४० मध्ये डार्टमथ येथील गणितज्ञांच्या सभेत बसून, न्यूयॉर्कमध्ये ठेवलेल्या त्या यंत्राला तारेवरून गणिते घालून तारेवरूनच उत्तरे मिळवून दाखविली. दूर बसून संगणक चालविण्याचा तो पहिला जाहीर प्रयोग होता. महायुद्धात इंग्लंडमध्ये ‘कोलोसस’ हे यंत्र बांधणारे टॉमी फ्लॉवर्स हे तेथील टपालखात्याचे टेलिफोन अभियंता होते. ट्रान्झिस्टर आणि पुढे युनिक्स ही कार्यप्रणाली, दोन्ही टेलिफोन कंपनीच्या त्याच बेल प्रयोगशाळेत जन्मास आली. १९६५ साली न्यू जर्सीतील सुकासुना या गावी आज्ञावली साठवून चालणारे पहिले मोठे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झाले, आणि त्या दिवसापासून टेलिफोन एक्स्चेंज हा एक संगणकच झाला.

आपल्या देशातही ज्यांनी दूरसंचार खेड्यापर्यंत नेला त्यांनी ही भिंत मानली नाही. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेत तरुण अभियंत्यांनी मंडले आणि आज्ञावली यांचे काम एकत्र केले, म्हणूनच भारतीय खेड्यातील धूळ व ऊन सोसणारे आणि वातानुकूलनाची अपेक्षा न धरणारे छोटे स्वयंचलित एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे उभे राहू शकले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि १९९१ मध्ये तेथे ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. अनेक प्रक्रियक एकमेकांस जोडून त्यांच्यात संदेशांची देवघेव कशी करावी हा त्यातील कळीचा प्रश्न होता, आणि तो मुळात दूरसंचाराचाच प्रश्न आहे. राज्यकर्त्यांनाही हे एकीकरण दिसले होते. ऑगस्ट २००१ मध्ये लोकसभेत दूरसंचार, प्रसारण व माहिती-तंत्रज्ञान यांना एका कायद्याखाली आणणारे विधेयक मांडले गेले होते. ते मंजूर न होताच त्या लोकसभेबरोबर संपले, आणि १८८५ चा तारखात्याचा कायदा बदलण्यास २०२३ साल उजाडावे लागले. कायद्याला विलंब झाला तर त्याची कारणे समजू शकतात. पण अभ्यासक्रम आपण दर चार-पाच वर्षांनी नव्याने लिहिता, तेव्हा तेथे विलंबाचे तेवढे सबळ कारण मला सापडत नाही.

आता वर्तमानाकडे येतो. जाळ्यात जागोजागी बसविलेले स्विच व राउटर हे परवापरवापर्यंत निर्मात्याने बंदिस्त करून दिलेल्या पेट्या होत्या. कोणते पॅकेट, म्हणजे माहितीचा कोणता तुकडा, कोठे पाठवावे हा निर्णय प्रत्येक पेटी शेजारच्या पेट्यांशी बोलून आपापल्या परीने घेत असे, आणि तो निर्णय घेणारी आज्ञावली निर्मात्यावाचून कोणासही बदलता येत नसे. १९९० च्या दशकाच्या मध्यास, जाळ्यातील प्रत्येक गाठ वापरकर्त्याच्या आज्ञावलीने चालावी, असा विचार ‘सक्रिय जाळे’ या नावाने संशोधकांनी मांडला. तो काळाच्या पुढे होता म्हणून मागे पडला. २००८ साली स्टॅनफर्डचे निक मॅककिऑन व त्यांचे सहकारी यांनी ‘ओपनफ्लो’ची पद्धत मांडली : निर्णयाचे काम पेटीतून काढून वेगळ्या संगणकावरील एका आज्ञावलीकडे द्यावयाचे आणि पेटीकडे केवळ पॅकेट वाहून नेण्याचे काम ठेवावयाचे. आमच्या आळेफाट्याच्या चौकात उभा असलेला पोलीस समोर दिसणाऱ्या गाड्यांवरूनच हात दाखवितो, नारायणगावपाशी काय कोंडी झाली आहे हे त्याला दिसत नाही. पण चारी रस्ते दिसणाऱ्या एखाद्या कक्षातून त्याला हुकूम मिळू लागले तर ओतूर-जुन्नरच्या वाटेने गाड्या वळविणे त्याला शक्य होईल, असा हा फरक आहे. २०१२ मध्ये जगभरच्या दूरसंचार कंपन्यांनी एकत्र येऊन जाहीर केले की, जी कामे आपण विशिष्ट यंत्रांकडून करून घेत आलो ती यापुढे सर्वसाधारण संगणकांवरील आज्ञावलींकडून करून घ्यावयाची आहेत. २०१४ मध्ये ‘पी-फोर’ ही भाषा आली आणि पॅकेटचा मथळा कसा वाचावा हेसुद्धा लिहिण्याजोगे झाले. पाचव्या पिढीच्या भ्रमणध्वनी जाळ्याचा गाभा, म्हणजे ग्राहकाची ओळख पटविणे, त्याचे ठिकाण नोंदविणे, त्याच्या वापराचा हिशेब ठेवणे, हा आता परस्परांशी बोलणाऱ्या आज्ञावलींचा एक समूह आहे.

हे सारे परदेशातच घडते असेही नाही. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे भारत संचार निगमच्या ज्या स्वदेशी चौथ्या पिढीच्या जाळ्याचे लोकार्पण झाले, त्यातील गाभ्याची आज्ञावली सी-डॉटची, मनोऱ्यावरील रेडिओ-यंत्रणा तेजस नेटवर्क्सची आणि त्यांची जुळणी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची आहे. ज्या देशात एक सॉफ्टवेअर कंपनी भ्रमणध्वनीचे जाळे जुळवून देते, त्या देशातील अभियांत्रिकीचा विद्यार्थी “मी सॉफ्टवेअरचा” किंवा “मी टेलिकॉमचा” असे म्हणून कोठे उभा राहील, हा प्रश्न मी आपणांस अत्यंत कळकळीने विचारीत आहे.

या भिंतीमुळे प्रत्यक्षात काय घडते ते आता सांगतो. बेल्ह्याकडील एका विद्यार्थिनीने आमच्या प्रयोगशाळेतील एका जुन्या संगणकावर ‘मिनिनेट’ हे मोफत मिळणारे साधन चालवून आमच्या तालुक्याचे एक लहानसे जाळे उभे केले. आळेफाटा, नारायणगाव, ओतूर आणि जुन्नर हे चार स्विच; नेहमीची वाट आळेफाट्यावरून थेट नारायणगावची; आणि ती तुटली तर ओतूर व जुन्नरवरून वळसा घालून संदेश नेणारी नियंत्रक आज्ञावली तिने स्वतः लिहिलेली. तोंडी परीक्षेच्या वेळी तिने पडद्यावर पिंगची उत्तरे एकामागून एक येताना दाखविली, एका ओळीची आज्ञा देऊन नारायणगावचा दुवा तोडला, दोन-तीन उत्तरे हुकली, आणि पुन्हा ओळी येऊ लागल्या, फक्त आता प्रत्येक उत्तराला लागणारा वेळ किंचित वाढलेला होता. तो वेळ का वाढला हेही तिने न विचारता समजावून दिले. बाहेरून आलेले परीक्षक सज्जन व अनुभवी होते, त्यांनी काम मन लावून पाहिले, चांगले आहे असे म्हटले, आणि मग म्हणाले, “पण बाळ, हे आपल्या शाखेचे नाही.” त्यानंतर त्यांनी तिला वारंवारता-मॉड्युलेशनच्या प्रेषकाची आकृती काढावयास सांगितली, आणि तिने तीही अचूक काढली. परीक्षकांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातातील गुणपत्रिकेत त्या कामासाठी रकानाच नव्हता, आणि तो रकाना आखणे हे आपल्या अधिकारातील काम आहे.

उलट बाजूचे चित्रही तितकेच चिंताजनक आहे. महामार्गालगत खोदकाम चालू असताना जेसीबीच्या दात्यांनी फायबरची नळी उखडली, म्हणजे रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून जोडारी बसतो, ते काम मी अनेकदा थांबून पाहिले आहे. तो केबलची साल काढतो, केसासारखा काचेचा तंतू स्पिरिटने पुसतो, त्याचे टोक काटकोनात छाटतो, दोन टोके जोडयंत्रात समोरासमोर ठेवून विजेच्या ठिणगीने वितळवून एक करतो, आणि यंत्राच्या पडद्यावर सांध्याची तूट ०.०२ डेसिबल अशी दिसली की समाधानाने वर नळी सरकवून ती तापवितो. एकदा सर्व सांधे उत्तम जमूनही एक दुवा सुरू होईना. दूरच्या नियंत्रण कक्षातील तरुण फोनवर वारंवार सांगत होता की त्याच्या पडद्यावर पोर्ट अजून बंदच दिसतो, आणि तो विचारीत होता की, आपण पेटीची मांडणी बदलून पाहू का. जोडारी सांगत होता की कोठेतरी तंतूला बाक पडला असणार, प्रकाश तेथे गळतो आहे, मोजयंत्रावर अमुक अंतरावर खाच दिसते आहे. बाक पडल्याने प्रकाश कसा गळेल हे त्या तरुणाला कळेना, आणि पोर्ट बंद आहे असे ठरविणारी आज्ञावली किती क्षीण संकेतापर्यंत वाट पाहते हे जोडाऱ्याला ठाऊक नव्हते. दोघेही आपापल्या कामात कुशल होते. बाजार समितीच्या आवारात कांद्याचे लिलाव चालू होते, पैसे पोहोचल्याचे संदेश खोळंबले होते, आणि या दोन कुशल माणसांच्या मधोमध आपली ती भिंत उभी होती.

या अज्ञानाची किंमत केवळ आमच्यासारख्या फाट्यावरच मोजावी लागते असे नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक व व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. नित्याच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेने ती चालविणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या जाळ्याचे सारे दुवे तुटले. अशा चुकीच्या आज्ञा अडविण्यासाठी नेमलेल्या तपासणी आज्ञावलीतच दोष होता. आणि जाळे तुटल्यामुळे दुरुस्तीसाठी दूरवरून यंत्रांपर्यंत पोहोचण्याची वाटही बंद झाली, तेव्हा माणसांना प्रत्यक्ष यंत्रांपाशी जावे लागले. निर्णयाचा अधिकार एका ठिकाणी एकवटला की चुकीचा आवाकाही तेवढाच मोठा होतो. जो अभियंता आज्ञावली लिहितो त्याला तारेचे भान नसेल आणि जो तार सांभाळतो त्याला आज्ञावलीचे भान नसेल, तर जाळे जितके अधिक आज्ञाधारक होईल तितके ते अधिक धोक्याचे होईल.

आता ज्या स्थळाविषयी मला विशेष सांगावयाचे आहे तेथे येतो. सन्माननीय सभासदहो, या दोन विद्यांचा संगम कसा असतो हे पाहण्यासाठी आपणांस परदेशी जाण्याचे कारण नाही; आळेफाट्याहून नारायणगावकडे जाऊन खोडदची वाट धरावी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली, तेथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतील १४ सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती आवारात, आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंप्रमाणे शेताशिवारांतून दूरवर पसरलेल्या, इतक्या की टोकाटोकाचे अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. प्रत्येक तबकडीने टिपलेला अतिक्षीण संकेत प्रकाशतंतूवरून मध्यवर्ती इमारतीत येतो, आणि तेथे प्रत्येक तबकडीचा संकेत इतर प्रत्येक तबकडीच्या संकेताशी ताडून पाहिला जातो. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात, आणि या साऱ्या जोड्यांचा गुणाकार क्षणाक्षणाला चालू असतो. यातील अर्धा भाग दूरसंचार आहे, उरलेला अर्धा भाग गणन आहे, आणि यांच्यामधील सीमारेषा कोठे आहे हे दाखविणे कोणासही शक्य नाही.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. प्रारंभी हे ताडून पाहण्याचे काम त्याच कामासाठी घडविलेल्या विशिष्ट यंत्रमंडलांकडे होते. त्यांत बदल करावयाचा म्हणजे यंत्रच बदलावयाचे. पुढे तेथील अभियंत्यांनी बाजारात मिळणाऱ्या संगणकांचा समूह जोडून हेच काम आज्ञावलीकडे सोपविले, आणि त्यानंतरच्या श्रेणीवाढीत फेरप्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपा व चित्रप्रक्रियक यांची जोड देऊन दुर्बिणीचा एका वेळचा वारंवारतापट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झवर नेला. तबकड्या त्याच राहिल्या. नवे संशोधन करावयाचे तर नवी आज्ञावली लिहावी, एवढी मोकळीक निर्माण झाली. जगभरच्या दूरसंचार कंपन्या २०१२ मध्ये ज्या दिशेने निघाल्या, त्या दिशेने जुन्नर तालुक्यातील एक प्रयोगशाळा आपल्या गरजेपोटी त्याच सुमारास, किंबहुना थोडी आधीच, निघालेली होती. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संस्थेने या दुर्बिणीस ऐतिहासिक टप्प्याचा मान दिला. याच तालुक्यातील आर्वी येथे १९७१ मध्ये परदेशांशी उपग्रहामार्फत संपर्क साधणारे देशातील पहिले भूकेंद्र उभे राहिले आणि त्याला विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले, हेही येथे नमूद करतो. अशा तालुक्यातील विद्यार्थ्याने या दोन्ही वास्तूंजवळून रोज बसने जावे आणि पदवी हाती पडेपर्यंत त्यांच्यात काय चालते हे त्याच्या एकाही प्रश्नपत्रिकेत येऊ नये, याचे मला मनापासून दुःख होते.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत, त्या अधिकाराने नव्हे पण आग्रहाने मांडतो.

पहिली व मुख्य मागणी ही की, दोन्ही शाखांच्या तिसऱ्या वर्षात, दोन्ही सत्रांना, एक सामाईक व सक्तीचा विषय असावा. त्यात एका सत्रात संकेत, कोलाहल, तंतूतील तूट व रेडिओमार्ग यांपासून पॅकेटपर्यंत यावे आणि दुसऱ्या सत्रात पॅकेटपासून नियंत्रक आज्ञावलीपर्यंत जावे. दोन्ही विभागांच्या अध्यापकांनी तो मिळून शिकवावा आणि दोन्ही विभागांच्या परीक्षकांनी मिळून त्याची तोंडी परीक्षा घ्यावी. ऐच्छिक विषयांच्या यादीत शेवटच्या वर्षी एक नाव वाढवून हे काम होणार नाही, कारण अध्यापक उपलब्ध नसला की ऐच्छिक विषय आमच्यासारख्या महाविद्यालयात कागदावरच राहतो.

प्रयोगशाळेच्या बाबतीत आपण मान्यतेसाठी जी उपकरणांची यादी लावून देता, तिचा फेरविचार व्हावा. लाल-काळ्या खोबण्या असलेल्या आणि एकच प्रयोग करणाऱ्या महागड्या संचांनी ग्रामीण महाविद्यालयांची कपाटे भरलेली आहेत. त्यांतील बरेच बंद पडले आहेत, आणि जडसंग्रह नोंदवहीत ते असल्यामुळे टाकताही येत नाहीत. मिनिनेट, ओपन व्ही-स्विच, जीएनयू रेडिओ ही साधने मोफत आहेत आणि जुन्या संगणकावर चालतात. बोटभर आकाराचे स्वस्त ग्राहकयंत्र संगणकाला जोडले तर आकाशवाणीचा एफएम कार्यक्रम आज्ञावलीने पकडून दाखविता येतो. केवळ ग्रहण करणारे प्रयोग आमच्या भागात तर अधिकच योग्य, कारण दुर्बिणीच्या परिसरात विनाकारण रेडिओ कोलाहल करू नये हे भान विद्यार्थ्याला विद्यार्थिदशेतच यावे. या साधनांवर केलेला प्रयोग मान्यताप्राप्त समजला जाईल, एवढे एक वाक्य आपल्या नियमावलीत आले तरी पुष्कळ काम होईल.

अध्यापकांच्या पात्रतेचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि त्याला आपण हात घालावा. संगणकाची पदवी असलेल्या अध्यापकाने दूरसंचार विभागात शिकविले किंवा याच्या उलट झाले, तर मंजुरीच्या वेळी त्याच्या कागदपत्रांवर शाखा जुळत नाही असा शेरा पडतो. ज्या विद्येत शाखाच एक झाल्या आहेत, तेथे हा शेरा दोन्ही शाखांत उत्तम तयारी असलेल्या माणसालाच बाहेर ठेवतो.

आपल्यापैकी काही ज्येष्ठांची हरकत मला ठाऊक आहे, आणि तिच्याविषयी मला आदर आहे. ती अशी की, नव्याच्या हौसेने मूलतत्त्वे पातळ होतील. आज ओपनफ्लो, उद्या आणखी काही, आणि विद्यार्थी साधनांची नावे पाठ करीत बसेल. ही भीती अस्थानी नाही. म्हणूनच साधनांची नावे प्रश्नपत्रिकेत विचारू नयेत असे माझेही मत आहे. फूरिए, मॅक्सवेल व शॅनन यांना धक्का लावू नये. एकाच वेळी किती जण बोलू पाहतील आणि त्यासाठी किती वाटा लागतील याचे डेन्मार्कच्या एर्लांग यांनी शतकापूर्वी मांडलेले गणित तर संगणकाच्या विद्यार्थ्यालाही सक्तीने शिकवावे, कारण सर्व्हरसमोरील रांगेलाही तेच लागू पडते. जागा करावयाची ती ज्या यंत्रांचे उत्पादनच थांबले त्यांच्या अंतर्गत आकृत्या घोकण्यात जाणाऱ्या तासांतून करावी. निर्णय घेणे आणि वाहून नेणे या दोन कामांची विभागणी, समान आज्ञेने अनेक यंत्रे चालविण्यातील सोय आणि धोका, तुटल्यावर पुन्हा सावरण्याची व्यवस्था, ही तत्त्वे मूलभूतच आहेत. साधने बदलली तरी ती बदलणार नाहीत.

शेवटची मागणी आपल्या कामकाजाच्या पद्धतीविषयी आहे. मसुदा जाहीर झाल्यावर अभिप्रायासाठी जी मुदत मिळते ती बहुधा परीक्षांच्या काळात येते, आणि दिलेल्या अभिप्रायाचे काय झाले हे कधीच कळविले जात नाही. प्रत्येक अभिप्राय स्वीकारला की नाकारला आणि कोणत्या कारणाने, याची टिपणी मसुद्यासोबत प्रसिद्ध करावी. ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापक आणि जाळ्याच्या देखभालीवर प्रत्यक्ष काम करणारे अनुभवी तंत्रज्ञ यांना मंडळाच्या बैठकांस निमंत्रित म्हणून बोलवावे. रस्त्याकडेला बसून काच सांधणाऱ्या माणसाला अभ्यासक्रमाविषयी सांगण्यासारखे पुष्कळ असते. त्याला आजवर कोणी विचारलेले नाही.

पुढील पुनर्रचनेच्या बैठका ठरवीत असाल, तर दोन्ही मंडळांनी त्यांतील निदान एक बैठक संयुक्तपणे घ्यावी, आणि शक्य झाल्यास ती आमच्या भागात घ्यावी, अशी विनंती आहे. सकाळी खोडदची दुर्बीण पाहण्यासाठी रीतसर परवानगीचा अर्ज करून ठेवण्याचे, दुपारी विद्यार्थ्यांच्या प्रयोगांसाठी प्रयोगशाळा मोकळी करून देण्याचे आणि सभासदांच्या राहण्या-जेवणाचा बंदोबस्त करण्याचे काम आम्ही येथील अध्यापक आनंदाने अंगावर घेऊ. बैठकीचा दिवस महिनाभर आधी कळवावा, म्हणजे दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून सामाईक विषयाचा एक नमुना तास आपल्यासमोर घेता येईल, आणि त्याचा आराखडा आम्ही आपणांस आधी पाठवू.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
दूरसंचार विषयाचा एक अध्यापक
आळेफाटा